एक शब्द अडलाय

अण्णांचं म्हणणं असं, की इतिहास-परिषदेचा मंडप फक्त सावलीसाठी घालतात. "आत निबंध असत्यात रं, माणसं भाईर असत्यात," असं सांगून ते मला हाताला धरून मंडपाच्या दारातूनच मागे आणायचे आणि पाण्याच्या रांजणापाशी उभं करायचे. रांजणच का, तर त्यालाही त्यांचं शास्त्र होतं. निबंध वाचून आलेल्या माणसाला तहान लागते आणि कुणीतरी 'छान झालं' म्हणावं असंही वाटतं. दोन्ही गोष्टींची सोय अण्णा एकाच जागी करत. डाव्या हातानं पेला पुढे करायचे, उजव्या काखेतली कागदाची सुरळी जराशी वर सरकवायचे आणि म्हणायचे, "झकास झालं बगा!" निबंधातलं एक अक्षर त्यांनी ऐकलेलं नसे. समोरचा पाणी पिऊन, मिशा पुसून, सुरळीकडे बघत विचारी, "आपण?"

ह्या 'आपण?'साठी अण्णा वर्षभर जगत. ह्यात माझी काही अतिशयोक्ती नाही.

आम्ही दोघं औराद तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत मास्तर होतो. निजामाचा अमल होता. सगळे विषय उर्दूत चालायचे आणि मराठीला शेवटचा तास मिळायचा, पोरांचं लक्ष घराकडे लागलेलं असतानाचा. वर्गखोली नव्हती म्हणून हा तास व्हरांड्यात व्हायचा. अण्णा मराठी शिकवत. हेडमास्तरसाहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी अण्णांना कधी नावानं हाक मारली नाही. "क्यों मरहटीवाले, छुट्टी होना बोलते?" एवढंच. पोरं 'मास्तर' म्हणत, बाजारातले लोक 'ओ अण्णा' म्हणत, आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको, 'ऐकलं का' म्हणत. तिशी उलटून चाळिशीकडे निघालेल्या ह्या माणसाला 'आपण' म्हणणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

मी गणित शिकवायला नवीन लागलो होतो. अण्णा मला 'गणित्या' म्हणत. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला परिषदेला नेलं. आमच्या राज्यात चार माणसं जमवायची तर सरकारची परवानगी लागे. इतिहासाच्या, भाषेच्या परिषदेला ती बहुधा मिळून जाई, कारण मेलेल्या राजांवर बोलून कुणाचं काय बिघडणार? त्यामुळे ज्याला म्हणून बोलायची हौस होती तो इतिहाससंशोधक झालेला होता.

जायच्या आदल्या दिवशी अण्णांचा काळा कोट ट्रंकेतून बाहेर निघे. हा कोट फक्त परिषदेचा. लग्नाला नाही, साहेबाच्या तपासणीला नाही. जुन्या परिषदांचे बिल्ले अण्णांनी अस्तराच्या आतल्या बाजूला टोचून ठेवले होते. कोट झटकला की ते एकदम वाजत. अक्का कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून देताना न चुकता विचारायच्या, "तुमचं ते काम कवा सरतंय म्हनायचं?"

"सराया ते काय पोतं हाय व्हय ज्वारीचं?" अण्णा म्हणायचे.

गाडीत माझी शिकवणी सुरू झाली. विकाराबादला गाडी बदलेपर्यंत प्रश्न आणि वाडीला बदलेपर्यंत उत्तरं. "कुठले म्हणून इचारलं तर औरादचा मास्तर म्हणू नगंस. औरादकडं असतो म्हणायचं."

"का बरं?"

"मास्तर म्हणलं की समोरचा पोरांच्या परीक्षेचं बोलायला लागतो. 'औरादकडं असतो' म्हणलं की त्यो इचारतोच, तिकडं काय करता? मग म्हणायचं, एका शिलालेखावर काम करायलोय. झालं बी म्हणायचं न्हाई, करणार बी म्हणायचं न्हाई. झालं म्हणलं की दाखवा म्हणत्यात. करणार म्हणलं की हसत्यात. करायलोय म्हणलं की बसा म्हणत्यात."

आमच्याकडे 'करतो आहे'ला 'करायलोय' म्हणतात. जायलाय, खायलाय, बोलायलेत. सगळं चालू असलेलं. अण्णांचं सगळं आयुष्य ह्या एका क्रियापदरूपावर उभं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. "अन् शेवटाला," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "हळूच म्हणायचं, एक शब्द अडलाय."

"कुठला शब्द?"

"त्ये सांगायचं न्हाई."

आणि खरोखर चाले हो ते! मी डोळ्यांनी पाहिलं. मोठमोठे पगडीवाले, चष्मेवाले रांजणापाशी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून 'अडलेल्या शब्दा'ची चौकशी करत. "निघाला का तो शब्द?" असं लांबून ओरडून विचारत. अण्णा मान हलवून म्हणत, "प्रयत्न चालूय." मग ते सद्‌गृहस्थ आपला कुठला शब्द कुठे अडलाय ते सांगत, आणि दोघंही एकमेकांकडे मोठ्या आदरानं पाहत. मंडपात त्या वेळी कुणीतरी नाण्यांविषयी वाचत असे. मला गणितवाल्याला हे सगळं जरा फसवाफसवीचं वाटे. पण मी पाहिलं, की अण्णांसारखे रांजणाभोवती बरेच होते. कुणाची बखर छापायला जायची होती, कुणाचा ताम्रपट हाती लागायचा होता. मंडपात जे वाचत त्यांची नावं कुणाच्या ध्यानात राहत नसत. बाहेर बोलणाऱ्यांची राहत.

आता तो शिलालेख. तो काही अण्णांच्या कल्पनेतला नव्हता. आमच्या शाळेपासून कोसभर लांब एका मळ्यात विहिरीच्या काठावर उभा होता आणि मळेवाला त्याला म्हैस बांधत असे. त्यांचा जुना ठसा घड्यांवर फाटायला आला, तेव्हा नवा काढायला मी अण्णांबरोबर गेलो होतो. शिळा घासून धुतली, ओला कागद चिकटवला, कुंचल्यानं ठोकून बसवला आणि काजळीचा बोळा फिरवला. खोदलेली अक्षरं पांढरी उमटली आणि बाकी कागद काळा झाला. अण्णा त्या वेळी इतके हळुवार काम करत होते, की मला माझ्या मनातल्या थट्टेची लाज वाटली.

मळेवाला म्हशीला धरून उभा. "मास्तर, धन कुठं पुरलंय ते लिवलंय का?"

"न्हाई रं. ही हीर खणायला जमीन कुणी दिली ते लिवलंय."

"कुणी दिली?"

अण्णांनी शिळेच्या मधोमध बोट ठेवलं. जिथं जमीन देणाऱ्याचं नाव असायचं, नेमकं तिथं म्हशीचं दावं पिढ्यान्‌पिढ्या घासून शिळेला खळगा पडला होता. बोटं फिरवली तर दगड लोण्यासारखा गुळगुळीत लागे. ठशावर तिथं वीतभर कोरी पांढरी जागा उमटली. हाच तो अडलेला शब्द. अडला कुठला, पार गेला होता. अण्णांना ते ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक झालं. घरी येताना मी म्हटलं, "अण्णा, हा शब्द आता ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही."

"मला बी कळतंय, गणित्या," ते म्हणाले. "पण तू एक सांग. म्या तिथं जाऊन काय म्हणू? सरकारी मदरशात शेवटच्या तासाला मराठी शिकवतो म्हणू? त्यो माणूस पाण्याचा पेला माज्या हातात देऊन जाईल फुडं. अरं, वरीसभर मला कुणी 'आपण' म्हणत न्हाई. तिथं म्हणत्यात." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे गुलबर्ग्याला मोठी परिषद भरली. हैदराबादचे प्रोफेसर, धारवाडकडचे विद्वान, पुण्याची मंडळी. चिटणीस पुण्याचे होते. चटपटीत गृहस्थ. कानामागे पेन्सिल खोचलेली, एका वेळी तिघांशी बोलायची सवय. दारातल्या टेबलापाशी ही गर्दी! अण्णांचा नंबर आला.

"आपण?"

"औरादकडं असतो."

"आपलं काय?"

"शिलालेख वाचायलोय."

आता पुण्याच्या माणसाला 'वाचायलोय' कुठून कळणार? त्याला ऐकू आलं 'वाचायला आलोय'. तो खूश झाला. "वा! मग सकाळी बसवू आपल्याला की दुपारी?"

अण्णांना वाटलं पंगतीचं विचारतोय. दिवसभर गाडीत बसून आलेले, अक्कांची भाकरी वाटेतच संपलेली. "सकाळीच बसवा," ते म्हणाले. "पयल्यांदाच बसवा. दम निघंना."

"उत्साही आहात!" म्हणून चिटणिसानं पेन्सिल काढून कागदावर काहीतरी खरडलं आणि अण्णांच्या कोटाला बिल्ला लावला. अण्णा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, पयली पंगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलेलं होतं: अण्णांचं पूर्ण नाव, आणि पुढे 'शिलालेखाचे वाचन, ठशासह'. अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग ते जवळच्या खांबाला धरून खाली बसले. कपाळावर घाम. सुरळी छातीशी.

"गणित्या, जाऊन सांग, त्यांच्या पोटात दुखायलंय."

"सांगतो की."

"अन् म्हणाव, ठसा गाडीत इसरला."

"तो तुमच्या हातात आहे, अण्णा. सगळ्यांनी बघितलाय."

"मग काय करू रं? उघडला की कळंल की सगळ्यान्ला!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. दहा परिषदांत रांजणापाशी उभं राहून मिळवलेलं सगळं त्या सुरळीत होतं, आणि ती उलगडली की संपणार होतं. मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो पोटाचं. पण पुढच्या खेपेला कुणी 'आपण?' म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते आधी ठरवा."

त्यांनी फळ्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग उठले, कोट खाली ओढला, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मंडपाच्या आत गेले. आत गेल्यावर सवयीनं त्यांनी रांजण कुठं आहे ते पाहिलं, हे मी मागून बघितलं.

दोन स्वयंसेवकांनी ठसा दोन टोकांना धरून उलगडला. काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, आणि मधोमध वीतभर कोरं. अण्णांनी छडी घेऊन ओळी वाचल्या. चांगल्या वाचल्या, मला अभिमान वाटला. कोऱ्या जागेपाशी छडी आली आणि थांबली.

अध्यक्षस्थानी हैदराबादचे वयोवृद्ध प्रोफेसर होते. त्यांनी चष्मा वर केला. "हे मध्ये कोरं का?"

"म्हशीनं खाल्लंय," अण्णा म्हणाले.

मंडप हसला. अण्णांनी दाव्याचं सगळं सांगितलं. अगदी खरंखरं, कुठंही 'अडलाय' न म्हणता. प्रोफेसरांनी शांतपणे विचारलं, "मग आपण इतकी वर्षं वाचताय ते काय?"

मी खाली बघायला लागलो. वरून अण्णांचा आवाज आला. "हेच. त्यो कोण असंल म्हून वाचायलोय."

कुणी हसलं नाही. मी मान वर केली तेव्हा धारवाडचे विद्वान उभे राहिलेले होते. त्यांचं म्हणणं, जागा चार अक्षरांची आहे आणि नावाच्या शेवटी 'य्या' असणारच, म्हणजे देणगीदार कन्नड होता. पुण्याचे गृहस्थ ताडकन उठले. चार कसली, पाच अक्षरं मावतात, आणि शेवटी 'देव' आहे. कुणीतरी फूटपट्टी मागवली. कोऱ्या जागेवर फूटपट्टी लावून दोघं तासभर भांडले. तिसरे एक म्हणाले, की हे नावच नव्हे, पदवी आहे. मंडप काठोकाठ भरला. रांजणापाशी चिटपाखरू उरलं नाही. परिषदेत इतकी रंगलेली चर्चा मी पुन्हा कधी पाहिली नाही, आणि ती जिच्यावर होती त्या जागेत एक रेघही नव्हती.

अण्णा छडी घेऊन कडेला उभेच होते. प्रथम त्यांचा चेहरा उजळला होता. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला कुणी काही विचारत नाहीये. मला खूण करून ते जवळ वाकले आणि कुजबुजले, "माज्या शब्दावर बोलायलेत रं. मलाच कुणी इचारंना."

पंगतीची घंटा झाली तेव्हा भांडण तसंच चालू ठेवून सगळे जेवायला गेले.

परिषदेचा छापील अहवाल आला. त्यात धारवाडच्या विद्वानांचं मत होतं, पुण्याच्या गृहस्थांचं होतं आणि ठसा 'एका स्थानिक गृहस्थाने' आणल्याची ओळ होती. अक्कांनी मला ती वाचून दाखवायला सांगितली. "स्थानिक म्हंजी?" त्यांनी विचारलं. "हितलाच," अण्णा म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

त्याच उन्हाळ्यात फूटपट्टीवरून भांडलेले ते दोघंही विद्वान मोटारीतून शिळा बघायला आले. अण्णांनी कोट घातला. एवढ्या उन्हात! मळ्यापर्यंत त्यांनी वाट दाखवली. मळेवाला बाजाराला गेलेला होता, म्हणून म्हैस सोडून अण्णांनीच धरली. पाहुणे गुडघ्यांवर बसून भिंगातून खळगा बघत होते. म्हैस पुढे सरकायला लागली, तशी त्यांच्यातले एक मागे न बघताच म्हणाले, "अहो बाबा, तिला जरा लांब धरा."

अण्णांनी ती लांब नेली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी म्हैस परत शिळेलाच बांधली, दाव्याच्या त्याच खळग्यात, आणि आम्ही घरी आलो. कोट ट्रंकेत गेला तो पुढच्या दिवाळीला निघाला नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. अक्कांनी एकदा आपण होऊन भाकरीचं फडकं धुऊन वाळत घातलं, पण अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "करायलोय म्हणायची सोय ऱ्हायली न्हाई," ते मला म्हणाले. "सगळे म्हणतील, ते झालं की कवाच."

मग परिषद आमच्या जिल्ह्याच्या गावी, खुद्द बिदरलाच भरली. मी आणि अक्कांनी मिळून त्यांना जवळजवळ ढकललं. मी जरा रागावूनच म्हटलं, की सुरळी नसली म्हणून माणूस नाहीसा होत नाही. ते कोट घालून आले, काख मोकळी. ओळखीचे लोक भेटले, "कसं काय?" म्हणाले आणि पुढे गेले. 'निघाला का तो शब्द' असं विचारायची आता कुणाला गरज नव्हती. अण्णा रांजणापाशी उभे राहिले, कारण दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण गृहस्थ पाणी प्यायला आला. नवा कोट, नवा बिल्ला. काखेत सुरळी! ती त्यानं पाणी पिताना जराशी वर सरकवली. अण्णांची नजर तिथं गेली. माझीही. मग अण्णांनीच विचारलं, "आपण?"

"पुण्याकडे असतो," तरुण म्हणाला. "औरादकडची ती शिळा आहे ना, तिच्यावर काम चालू आहे माझं." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाकी सगळं लागलंय. एक शब्द अडलाय."

माझ्या तोंडाशी आलं होतं. त्या शिळेचा पहिला ठसा कुणी काढला, म्हैस कुणी धरली, सगळं. अण्णांच्या मनात असतं तर 'म्हैस' एवढ्या एका शब्दात त्या पोराचा कोट उतरला असता. रांजणाभोवती चारपाच जण होते, सगळ्यांनी ऐकलं असतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातावर हात दाबला आणि त्याला म्हणाले,

"कंचा शब्द?"

तरुणाचा चेहरा असा फुलला! "ते एवढ्यात नाही सांगता येणार."

"बराबर हाय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "सांगू बी नका. अन् घाई करू नका बरं का. लई मोलाचं काम हाय." त्यांनी पेला विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. तरुणानं तो घेतला. हा साधा दिसणारा माणूस कुणीतरी मोठा असणार, असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं जरा वाकून विचारलं, "आणि आपण? आपलं काय चालू आहे?"

किती दिवसांनी विचारलं होतं कुणी! अण्णांनी काख चाचपली. तिथं काही नव्हतं. मग ते रांजणाच्या कट्ट्यावर बसले, शेजारची जागा हातानं झटकली आणि त्या पोराला म्हणाले,

"म्या ऐकायलोय. बसा, बोला."